डेस्मंडच्या शेतातला ब्रोच

नॉर्विचच्या लिलावघरात मेरियल आत्ताच बोली लावून जिंकलेला चौदाशे वर्षांपूर्वीचा ब्रोच ताब्यात घ्यायला रांगेत उभी होती. पुढे दोन म्हातारे बोलत होते.

“डेस्मंड, स्वतःच्या शेतात सापडलेला ब्रोच विकलास?”

“बायको झोपेतच तो खांद्याला लावायची रे.”

“लावू दे की! हौस असते बायकांना.”

“अरे, त्याची टाचणी केव्हाच गंजून गेलीय. तरी घट्ट बसायचा.”

“मग काढून ठेवायचास.”

“काढला की कुठल्याशा भाषेत रडायची.”

“आणि आता?”

“इथं लिलावाला आणून दिला, तेव्हापासून गाढ झोपते.”

मेरियलला राहवलं नाही. “तो मीच घेतलाय. शेत कुठे आहे सांगा, तिथंच पुरून येते.”

“मी दोनदा पुरला, बाई. दोन्ही वेळा सकाळी बायकोच्या नखांत माती होती.”