निजगार

रुक्माबाई : ...टॉर्च देऊन राह्यली होती मी, घेतलाच नाई! कंदीलच पाह्यजे म्हने. प्रतिभा, तू हाक मार वं तुया बाबाले. माह्यं ऐकत नाई.

प्रतिभा : बाबा! वर या! त्या विहिरीत काई नाई!

चंपत : हाय वं पोरी! कंदील आत्ताच विझला.

प्रतिभा : विझला?

चंपत : तूच तं वाचून दाखोलं. निजगार उजेड पिते. दिवा विझला का समजा, जवळच हाय.

प्रतिभा : ते मी मोबाइलच्या खेळासाठी बनवलं, बाबा! असा दगडच नाई दुनियेत. नाव बी माह्यंच. आपली विहीर उगाच टाकली त्यात.

चंपत : लोक हसले म्हनून भेली तू. चंपतची पोरगी आदिलाबादले शिकून गोटे शोधते म्हने! दाखवतोच त्यायले. इतकं बारीक कोन खोटं लिवते?

रुक्माबाई : दिवा काऊन विझला वं?

प्रतिभा : खाली हवा खराब हाय, आई. दिवा विझते तिथं मानूस बी... मले लय भेव लागून राह्यलं.

रुक्माबाई : सोड मले. उतरू दे.

प्रतिभा : नको! तू बी पडशील. शेजारचा हर्षदीप दोर घेऊन येतेच आता.

चंपत : डोस्कं जड झालं वं. बसतो जरा.

प्रतिभा : बसू नका! बाबा, ऐका... मी खोटं बोलली. निजगार हाय.

चंपत : म्हनलं ना मी!

प्रतिभा : पन एक गोष्ट वाचून दाखोली नाई. दिवा विझला का ती खाली राह्यत नाई, वर सरकते. डोक्यावरच्या कपारीत हात घाला.

चंपत : साधा गोटा हाय हा.

प्रतिभा : मंग आनखी वर सरकली. चढा, बाबा. लवकर.

रुक्माबाई : काय सांगून राह्यली वं तू?

प्रतिभा : सुचते ते सांगून राह्यली, आई.

(रुक्माबाई काठावरून खाली वाकते.)

रुक्माबाई : अवो! बोला ना!

प्रतिभा : बाबा!

चंपत : ...चढून राह्यलो. चमकते का वं ती?

प्रतिभा : चमकते. निळी निळी. मले दिसते इथून. आनखी एक पायरी... आनखी एक...

चंपत : कुठं हाय? मले काईच दिसत नाई.

प्रतिभा : माह्या हातात हाय, बाबा. धरा.