ब्रेक धरत नव्हते

मास्तरीण : पुन्हा म्हण. माय हजबंड...

वहिनी : माय हजबंड वेअर अ क्रेन ऑपरेटर.

मास्तरीण : वॉज! वहिनी, वॉज. नवरा एक, म्हणून वॉज.

वहिनी : मी वेअरच म्हणणार.

मास्तरीण : अगं, मघापासून घसा कोरडा केला मी. वेअर अनेकांना लागतं. एकट्याला वॉज.

वहिनी : आपण काय म्हणतो? 'ते आले, ते जेवले, ते गेले.' लग्न झाल्यापासून मी ह्यांना कधी 'तो आला' म्हटलेलं ऐकलंयस? भांडणातसुद्धा नाही. आता माणूस गेला, म्हणून एकेरीवर येऊ?

मास्तरीण : इंग्रजीत एकेरी नाही नि आदरार्थीही नाही. तिथं राजासुद्धा 'वॉज'.

वहिनी : त्यांचा राजा त्यांना लखलाभ. आणि 'यू'चं काय गं? समोरचा एकटा असला तरी 'यू वेअर', तूच सांगितलंस ना? म्हणजे तोंडावर मान द्यायचा आणि पाठ फिरली की काढून घ्यायचा. चांगली रीत आहे!

मास्तरीण : हा प्रश्न मला आजवर एकाही वर्गात कुणी विचारला नाही.

वहिनी : तुझ्या वर्गातल्या पोरींचे नवरे मेलेले नसतात.

मास्तरीण : वहिनी, दादा माझाही होता.

वहिनी : ठाऊक आहे, बाई. तुझा 'होता'. माझे 'होते'. एवढंच म्हणतेय मी.

मास्तरीण : बरं, राहू दे. पण अजून एकदा विचार कर. उद्या दुभाष्या घे. अपघाताच्या चौकशीचे दोन्ही साहेब बाहेरचे, आपली भाषा त्यांना येत नाही. मी बोलू म्हटलं तर घरचं माणूस चालत नाही म्हणाले. कंपनीचा वकील टपून बसलाय. तुझं एक वाक्य वाकडं गेलं की हसेल.

वहिनी : हसू दे. दुभाष्यानं मागच्या वेळी काय केलं, हे तूच येऊन सांगितलंस ना मला?

मास्तरीण : हो.

वहिनी : मी काय म्हणाले होते? 'ब्रेक धरत नव्हते.' नव्ह-ते. त्यानं काय सांगितलं?

मास्तरीण : 'द ब्रेक वॉज नॉट होल्डिंग.' एकच ब्रेक. धरत नव्हता.

वहिनी : झालं! त्या क्रेनला भार धरायला दोन ब्रेक. एक निसटला तर दुसरा धरतो. कंपनी काय म्हणते? पहिला निसटला, ऑपरेटरनं दुसरा लावलाच नाही, डुलकी लागली असेल. भार झोका खाऊन केबिनवर आला तो त्याच्याच हलगर्जीपणानं म्हणे. आणि ह्याच ओट्यापाशी उभे राहून ह्यांनी फोरमनला फोनवर सांगितलेलं मी ह्या कानांनी ऐकलंय, 'साहेब, दोन्ही ब्रेक सरकतात, क्रेन बंद ठेवा.' माझ्या तोंडात दोन होते. दुभाष्याच्या तोंडातून एकच बाहेर आला. एवढ्याशा 'ते'नं माझे यजमान आळशी ठरले.

मास्तरीण : म्हणूनच सांगतेय, तिथं चुकायला नको. दादाचं काय म्हणायचं ते म्हण, पण ब्रेकचं घोटून घे. एक ब्रेक?

वहिनी : वॉज.

मास्तरीण : दोन?

वहिनी : ब्रेक... वेअर.

मास्तरीण : ब्रेक नाही, ब्रेक्स. शेवटी एस ऐकू आला पाहिजे. आपल्यात ब्रेक एक असो की दोन, शब्द तोच राहतो, क्रियापद बदलतं. त्यांच्यात दोन्ही बदलतात.

वहिनी : आणि तो दुसरा एस? 'ही नोज'चा? 'ही' म्हणजे एकटा, तरी एस?

मास्तरीण : नामाला एस लागला की अनेक, क्रियापदाला लागला की एक.

वहिनी : उलटी खोपडी!

मास्तरीण : मी पोरींना सांगते, घरात एस एकच. नामानं घेतला की क्रियापदाला मिळत नाही. क्रियापदाकडं असला तर नामाकडं नाही.

वहिनी : सासू-सुनेत कपाटाची किल्ली एक, तसं.

मास्तरीण : हळू. आई आत जागी आहे.

वहिनी : असू देत. किल्ली त्यांच्याकडंच आहे. पुढं घे. यार्डातल्या सगळ्यांना माहीत होतं, हे कसं म्हणायचं?

मास्तरीण : एव्हरीवन न्यू. आणि आजही माहीत आहे म्हणायचं तर एव्हरीवन नोज.

वहिनी : नोज? सगळे म्हणजे एक?

मास्तरीण : एकेकटा धरायचा.

वहिनी : हे मात्र पटलं. एकेकट्याला माहीत आहे. सगळे मिळून बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला.

मास्तरीण : त्यांनाही पोटं आहेत, वहिनी.

वहिनी : मी कुठं शिव्या घालतेय? उद्या त्याच केबिनमध्ये त्यांच्यातलाच एक चढणार आहे, एवढंच मनात येतं. चल, पुन्हा विचार. मुद्दाम वेडंवाकडं विचार, तो वकील विचारेल तसं.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळ. त्याच घरात. आई, म्हणजे वहिनीची सासू आणि मास्तरणीची आई, दोघींची वाट पाहत बसलेली.)

आई : चपला नंतर काढा. आधी सांगा. बोलू दिलं?

मास्तरीण : द्यावं लागलं. दुभाष्या खुर्ची पुढं सरकवून बसलाच होता. वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, 'नो. आय स्पीक.'

वहिनी : उभी कसली हो, आई. टेबल धरून उभी होते.

मास्तरीण : आणि पहिलंच वाक्य, 'माय हजबंड वेअर अ केअरफुल मॅन.'

आई : म्हणजे काय?

वहिनी : म्हणजे माझे यजमान जपून काम करणारे होते.

आई : मग, होताच तसा.

मास्तरीण : वकिलानं ते 'वेअर' बरोबर उचललं. दात काढून म्हणतो, 'मॅडम, हाऊ मेनी हजबंड्स?' किती नवरे तुम्हाला, म्हणून! सगळी खोली हसली. फोरमन तर मांडीवर थाप मारून हसला.

आई : मेल्याची जीभ झडो. आणि तू काय केलंस?

वहिनी : काय करणार? आधी कानशिलं तापली. वाटलं, ही सांगत होती ते ऐकायला हवं होतं. मग ह्यांचाच चेहरा समोर आला.

मास्तरीण : मग आई, हिनं टेबल सोडलं. वकिलाकडं बघितलंसुद्धा नाही. थेट मोठ्या साहेबाला म्हणाली, 'वन हजबंड. टू ब्रेक्स. द ब्रेक्स वेअर बॅड. बोथ. यू रोट वॉज. रॉंग.' एस जिथल्या तिथं. कुठं सुई घालायला जागा नाही.

आई : मला समजेल असं सांग.

वहिनी : म्हटलं, नवरा एकच, ब्रेक दोन. दोन्ही खराब. तुम्ही एकाचंच लिहिलंत, ते चूक आहे.

आई : आणि मग हसले?

वहिनी : कुणी नाही. साहेबांनी मागचे कागद काढले, चष्मा लावून वाचले. दुभाष्याला विचारलं, बाई तेव्हा नक्की काय म्हणाल्या होत्या? तो लागला रुमाल शोधायला.

मास्तरीण : आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसऱ्या पाळीचा क्रेनवाला उठला. तो उंच, दादाबरोबर घरी यायचा तो.

आई : तो? तो तर दिवसकार्यालासुद्धा दाराबाहेरच उभा होता. नजर वर केली नाही त्यानं.

वहिनी : आज केली. दुभाष्या तोंड उघडणार तेवढ्यात हा त्याच्यावर ओरडला, 'तू गप, माझं मी सांगतो.' आणि म्हणाला, 'आय ऑल्सो नोज. बोथ ब्रेक. आय टेल्स फोरमन.'

मास्तरीण : आय नोज! आय टेल्स! एरवी माझ्या अंगावर काटा आला असता.

आई : दुरुस्त केलंस का त्याला?

मास्तरीण : नाही, आई. मी आपली टिपं गाळत बसले होते.

आई : पुढं?

वहिनी : साहेबांनी मागचं वाक्य खोडायला लावलं. क्रेनला सील ठोकलं. बाहेरचा इंजिनिअर येऊन दोन्ही ब्रेक उघडणार, तोवर कुणी वर चढायचं नाही. माझा जबाब वाचून दाखवला, तेव्हा ह्यांच्यापुढं त्यांनी 'वॉज' केलं होतं. म्हटलं, तुमच्या कागदावर तुमच्या कायद्यानं लिहा. मी माझ्या तोंडानं माझंच म्हणणार.

मास्तरीण : साहेबानं मान डोलावली. समजलं किती, देव जाणे.

आई : आणि फोरमन?

मास्तरीण : तो आधीच बाहेर गेला होता. आम्ही निघालो तेव्हा फाटकापाशी त्या क्रेनवाल्याला धरून उभा होता. उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. सगळ्यांदेखत.

आई : मग बाकीचे?

वहिनी : पांगले. हा एकटाच डबा काखेत मारून चालत गेला. हाक मारली मी, थांबला नाही.

आई : घरी बायको, पोरं आहेत ना त्याला?

मास्तरीण : आहेत. धाकटं अजून रांगतंय.

आई : मग तुम्ही दोघी इथं काय बसलात? उठा. त्याच्या घरी जाऊ, मलाही घ्या बरोबर.