हळदीकुंकवाला विम्याची पिशवी

नाही, पण मला एक सांगा, माणसाने विचारसुद्धा करू नये का? नुसता विचार! चोरी नाही, मारामारी नाही, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, साइडला विम्याची एजन्सी घेतली तर कसं होईल असा नुसता विचार करत होतो हो मी... आणि तेवढ्यावर आमच्या बिल्डिंगमधल्या चोवीस धडधाकट पुरुषांना मी एका संध्याकाळी वर पोचवलं, असा आरोप माझ्यावर! तोही ऐन संक्रांतीत! तोही त्यांच्या बायकांना तिळगूळ देऊन!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी कमळाकर. सरकारी ऑफिसात आउटवर्डला आहे. आउटवर्ड म्हणजे काय, तर आतून आलेला कागद पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचं, नंबर टाकायचा, शिक्का हाणायचा आणि पाठवून द्यायचं. आत काय लिहिलंय ते वाचायचं नाही. एकवीस वर्षांत मी एक कागद वाचलेला नाही, तुम्हाला सांगतो, आमचे साहेब म्हणतात, आउटवर्डला माणूस असावा तर असा. हे जरा ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर परळची खोली सोडून आम्ही सत्त्याऐंशी साली भाईंदर वेस्टला आलो. ब्लॉक स्वतःचा, गॅलरी स्वतःची, संडास स्वतःचा, फक्त पाणी तेवढं एक दिवसाआड. बरं चाललं होतं. एक दिवस स्टेशनबाहेर रिक्षाच्या लायनीत पुढचा माणूस मागे वळतो आणि माझ्याकडे असा टक लावून बघतो, की मला वाटलं शर्टाची बटणं वरखाली लागली की काय! म्हणतो, "सॉरी हं, पण आपका फेस... एकदम भरोसेवाला है! संध्याकाळी काय करता तुम्ही?" म्हटलं, काही नाही. "काही नाही? अरे, इतना अच्छा फेस, आणि संध्याकाळी काही नाही?" हे यतीनभाई. विम्याचे ऑफिसर, यांचं काम एजंट गोळा करायचं. मी म्हटलं, अहो, मी सरकारी नोकर, आम्हाला धंद्याला बंदी. तर असे हसले, की लायनीतली माणसं वळून बघायला लागली. "तो फिर भाभी किसलिए है?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सहज विचारलं, तर आमचा निम्मा मजला बायकोच्या नावावर विमा विकत होता! कॅशियर, हेडक्लार्क, रामू शिपाई... आणि मी एकवीस वर्षं पाकिटं चिकटवतोय! मग विचार नाही येणार मनात? तुम्हाला नसता आला?

यतीनभाईंनी पहिला गृहपाठ दिला. ओळखीच्या शंभर माणसांची यादी करा. शंभर! बसलो वही घेऊन. किती झाली असतील? सतरा! त्यात एक दाताचा डॉक्टर, एक पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, आणि चौदाव्या नंबरला मी स्वतः. परळला नुसत्या आमच्या माळ्यावर शंभर झाली असती हो. इथे पाच वर्षांत जिन्यात भेटलं की "काय, आज पाणी आलं?" "आलं, आलं," संपली ओळख. तेवढे समोरचे परेशभाई रोज रात्री जेवण झाल्यावर टाकीच्या कट्ट्यावर माझ्याबरोबर सुपारी चघळत बसायचे, तो एक माझा मित्र म्हणायचा. ती सतरा नावं बघून मला वाईट वाटलं. विम्याचं नाही, असंच.

आणि दुसरा गृहपाठ, बोलायची प्रॅक्टिस. "घरवालों के सामने करो." मग बसवलं लक्ष्मीला समोर. लक्ष्मी म्हणजे आमची ही. घसा साफ केला, भरोसेवाला चेहरा केला, आणि म्हटलं, "वहिनी, समजा उद्या मी नसलो..." ती म्हणते, "नसलो म्हणजे? उद्या पाण्याचा दिवस आहे, कुठे निघालात?" म्हटलं, अगं, तसं नव्हे, समजा मी कायमचाच... पुढचं बोलूच दिलं नाही हो! हातातलं लाटणं खाली, उठली, आत गेली, मिठाच्या बरणीचा आवाज आला, आणि मीठमोहऱ्या घेऊन, भाईंदरला आल्यापासून दर महिन्याला करते तशा, माझ्यावरून तीनदा उतरवून चुलीत... म्हणजे गॅसवर तव्यात टाकल्या! धूर! ठसका! डोळ्यांतून पाणी! "पुन्हा असलं अभद्र बोलाल तर बघा." म्हटलं, अगं, नुसता विचार करतोय मी! "मग चांगला करा!"

आता हळदीकुंकवाकडे येतो. तुम्हाला सांगतो, परळला लक्ष्मीच्या हळदीकुंकवाला बायकांची रांग लागायची. इथे आल्यापासून पाच वर्षं ती दुसऱ्यांकडे जात होती, कुणाकडून वाण म्हणून चहाची गाळणी, कुणाकडून साबणाची डबी... आमच्याकडे तेरा साबणाच्या डब्या आहेत, साबण एकच आहे. पण स्वतः करायला धजत नव्हती. मी विचारलं की म्हणायची, "आणि कुणी आलंच नाही तर?" एवढंच. या वर्षी तिने मनाचा हिय्या केला. पाणी नसेल असा दिवस बघून ठरवला, म्हणजे बायका मोकळ्या असतात. चोवीस बिऱ्हाडांना स्वतः जाऊन बोलावलं, वरच्या मजल्यावर तर दोनदा. रात्री झोपेत म्हणत होती, "बसा ना, अत्तर लावते." तिच्या दृष्टीने त्या संध्याकाळवर सगळं होतं, आपण या बिल्डिंगचे झालो की नाही, ते ठरणार होतं.

वाणाला तिला स्टीलच्या वाट्या हव्या होत्या. आणि इथे... इथे मला विचार सुचला. यतीनभाईंनी मला पन्नास प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या होत्या. चेनवाल्या! जाड! रेशनकार्ड राहतं, लाइटबिल राहतं, पोरांचे दाखले राहतात. म्हटलं, वाट्या कशाला, हे घे, उपयोगाची वस्तू. तिने एक हातात घेतली, चेन दोनदा उघडझाप केली. पुढच्या बाजूला कमळ होतं आणि "शुभेच्छांसह". "चांगली आहे ना हो? बघितलीत ना नीट?" म्हटलं, बघितली म्हणजे! पंधरा दिवस बॅगेत घेऊन फिरतोय!

आता मागच्या बाजूला मजकूर होता. पण मी आउटवर्डचा माणूस! मजकूर वाचायचा असतो हेच मला ठाऊक नाही!

संध्याकाळी बायका यायला लागल्या तसं मला घराबाहेर काढलं. मी आणि परेशभाई टाकीच्या कट्ट्यावर. वरून आवाज येतोय, बांगड्या, हसणं, "अगं, गुलाबपाणी उडव," "नाव घ्या, नाव घ्या"... मी मोजत होतो. चोवीसच्या चोवीस आल्या हो! परेशभाई म्हणाले, "कमळाकरभाई, भाभीने तो रंग जमा दिया." मला इतकं बरं वाटलं, म्हटलं, जिंकली आमची लक्ष्मी.

आणि एकदम... वरचा आवाज बंद. म्हणजे रेडिओ चालू असताना लाइट जावी ना, तसा बंद. मग जिन्यात चपला. भराभरा चपला. आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हंसाबेन, या परेशभाईंच्या मिसेस, पिशवी झेंडा हलवावी तशी हलवत, "अरे सुनो छो? ऊपर आओ! अबी के अबी! मेरे को तुमको देखना है!" परेशभाई बिचारे घाबरून धावले. मग एक पिशवी माझ्या पायाशी येऊन पडली, पालथी. आयुष्यात पहिल्यांदा मी मजकूर वाचला.

"पतीच्या पश्चात तुमचे काय होणार? आजच विचार करा!"

हळदीकुंकवाला! सवाष्णींना! तिळगुळाबरोबर! अहो, नवऱ्याला आयुष्य मागायला जमलेल्या बायका त्या, आणि त्यांच्या ओटीत बोरं, हरभरे, उसाचे करवे आणि वर हे!

वर गेलो. घरात कुणी नाही. सतरंजी तशीच, अत्तरदाणी तशीच, आणि लक्ष्मी मधोमध बसलेली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सगळ्या आल्या होत्या हो." तुम्हाला खरं सांगायचं तर, त्या क्षणी मीठमोहऱ्यांबरोबर मलाच तव्यात टाकलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, लक्ष्मी, मी नुसता विचार...

दुसऱ्या दिवशी दार उघडतो तर कडीला पिशव्या लटकलेल्या. तेवीस. चोविसावी खाली टाकीपाशी अजून पालथी पडली होती. जिन्यात माणूस दिसला की मला बघून उलटा वर जायचा, जसा काय मी खांद्यावर दोर टाकून, रेड्यावर बसून आलोय! परेशभाईंनी कट्ट्यावर यायचं बंद केलं. एकदा गाठलं तर म्हणतात, "कमळाकरभाई, तुमने तो मेरेको घर बैठे स्वर्गवासी कर दिया. हंसा ने कल से मेरा तळेला बंद कर दिया है." लक्ष्मी तर चार दिवस कचरा टाकायलासुद्धा बाहेर पडली नाही. आमच्या दाराची घंटा चार दिवसांत वाजली नाही हो.

पाचव्या दिवशी वाजली. शेवंतीबाई. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली, आमच्या बिल्डिंगला मासळी घेऊन येते, जिन्याच्या चौकात पाटी टेकवते. ती आली की हंसाबेनचं दार वासाने आपोआप बंद होतं. लक्ष्मीने सवयीने थाळी आणली. पण शेवंती पाटीवरचं फडकंच काढेना. दाराशी टांगलेल्या पिशव्यांकडे बघत होती. म्हणाली, "बाय, ती पिशवी हाय का गो एक? मना दे."

लक्ष्मीला रडूच फुटलं. "अगं, नको गं, अभद्र आहे ती, त्याच्यामागे काय लिहिलंय ठाऊक आहे का..."

"ठाव हाय. खालच्या बायनी वाचून दाखवलान." शेवंती पाटीशेजारी बसली. "माजा घरवाला दर्यात गेला, आट वरसं झाली. त्याला कुनी आसं इचारलं न्हाय, बाबा, तुज्या मागं बायकोचं काय? इचारलं आसतं, तर त्या मानसाला मी जल्मभर म्हावरं फुकट दिलं आसतं. ज्यांचं कुंकू हाय त्या रागावनारच गो. जिचं न्हाय तिला इचार ना. पर तिला बोलावतंय कोन?"

तुम्हाला सांगतो, टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, आणि पाण्याचा दिवस असूनही कुणी बादली घेऊन धावलं नाही. खरंच हो, चोवीस घरी जाऊन आमंत्रण दिलं आम्ही, आणि रोज दारात येणाऱ्या या बाईला बोलवायचं डोक्यातच आलं नाही. लक्ष्मीने तिचा हात धरला आणि आत आणून सतरंजीवर बसवली. मासळीचा हात, म्हणून ती मागे घेत होती, हिने सोडला नाही. तिळगूळ दिला, अत्तर लावलं, आणि पिशवी दिली. शेवंती म्हणाली, "माजा पोरगा ईश्वर आता व्हडीवर जातो. त्याच्यावर इमा काडायचा हाय. सुनंच्या हाती ठेवीन ही पिशवी." आणि मग ती बया माझ्याकडे वळली, असं वरपासून खालपर्यंत बघितलं मला, पापलेट ताजं आहे का बघावं तसं. "आनि बाय, यांचा काडलाय ना?"

मी भरोसेवाला चेहरा करायला गेलो. झाला नाही.

आणि काय सांगू, मासळीची पाटी चौकात असताना हंसाबेनचं दार पहिल्यांदा उघडलं! नाकाला पदर, पण उघडलं! "हां, बराबर! इनका है क्या?" वरच्या मजल्यावरून मंदाताई कठड्यावर वाकल्या, "का हो, आम्हाला विचारता, तुमचा आहे का?" खालून कुणी, वरून कुणी, सगळी बिल्डिंग एका सुरात, आहे का, आहे का, आहे का! मी म्हटलं, म्हणजे... तसा... मी विचार करतोय.

लक्ष्मी हळूच म्हणाली, "ब्लॉक घेतला ना, त्या दिवसापासून विचारायचं होतं मला. यांना काही झालं तर मी कर्जाचे हप्ते कशी फेडू? पण तोंडातून शब्दच निघेना. असं कसं विचारायचं हो बायकोने?" पाच वर्षं! पाच वर्षं ती बाई माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवत होती, आणि मी समजत होतो भोळी आहे. अहो, तोच तिचा विमा होता, दुसरा काढलाच नव्हता मी!

मग काय, यतीनभाई आले, फॉर्म झाले, एजन्सी लक्ष्मीच्या नावावर. पहिली पॉलिसी माझी, दुसरी ईश्वरची. कडीच्या पिशव्या एकेक करून ज्याच्या-त्याच्या घरी परत गेल्या. परेशभाईंना तर हंसाबेनने स्वतः विम्याच्या मेडिकलला नेलं, कानाला धरून. लक्ष्मी घरोघर जाते, मी नाही. तिच्या यादीत आता एकशे सहा नावं आहेत, चौदावा नंबर मीच आहे.

तर सध्या अशी परिस्थिती आहे. विचार माझा. एजन्सी लक्ष्मीची. कमिशन लक्ष्मीचं. वारस म्हणून नाव लक्ष्मीचं. परवा मी विचारलं, मग यात माझं काम काय? तर वहीतून मानसुद्धा वर न करता म्हणते, "तुम्ही फक्त जगा. पॉलिसीची वीस वर्षं. साखर कमी करा, सुपारी बंद, आणि रोज खाडीपर्यंत चालून या, बाकीचं मी बघते."

साइडला काहीतरी करावं असा नुसता विचार केला होता हो मी... आता जगण्याचीच ड्यूटी लागली! बरं, आउटवर्डला निदान किरकोळ रजा तरी मिळतात. इथे एक दिवस रजा घेतली, की हिला लगेच क्लेम भरावा लागेल!