उरलेल्या गोळ्या

दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची मीरिमला खोड नव्हती. पण किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या बाजारात औषधांच्या दुकानापुढची रांग हलेना, आणि पुढच्या दोघींचे आवाज खणखणीत. एक चीजवाली अनिपा, जिच्याकडचं चीज आत्ताच मीरिमच्या पिशवीत पडलं होतं. दुसरी तिची जुनी मैत्रीण बातमा.

“बातमा, जुलाब थांबले नाहीत अजून तुझे?”

“कुठले! डॉक्टरीणबाई म्हणते, पोटातले जंतू निर्ढावलेत, जुन्या गोळीला दाद देत नाहीत. बाजारातल्या चीजमधून आलेत म्हणे.”

“माझ्या चीजमधून?”

“जीभ झडेल माझी! तुझ्या गाईची कास सुजली की माझ्याच उरलेल्या गोळ्या खाते ना ती?”

“खाते बिचारी. हल्ली मात्र गुण येत नाही गं.”

“आणि दूध?”

“ओतून का देऊ? चीज करते त्याचं.”

“बरं करतेस. आता नवी गोळी लिहून दिलीय. हिच्यानंतर दुसरी गोळीच नाही म्हणे. सगळ्या संपव म्हणून दटावलंय.”

“मग संपव बाई.”

“तुझी गाय तिकडे बेजार, आणि मी एकटी गिळत बसू? जरा उतार पडू दे, उरलेल्या घेऊन येते.”