शेवटच्या कडव्यातलं नाव

दत्तराव : तेवढं बंद कर बाई. कॅसेट साफ करायला सांगितली होती, उकरायला न्हाई.

संघप्रिया : साफच केलीय, काका. वर बुरशी होती, ती पुसली. खरखर होती, ती काढली. खाली हे निघालं.

दत्तराव : बेंजो बघ की कसा लख्ख वाजायलाय. तुझ्या बापाचा हात! ते सोडून कोरसचं काय धरून बसलीस?

सुलाबाई : काय निघालं माय? मला बी ऐकव. कोरसमधी मी बी होते की.

दत्तराव : तू चहाचं बघ.

सुलाबाई : चहाला आधण यायचंय अजून. लाव गं.

(संघप्रिया लॅपटॉपवर शेवटचं कडवं पुन्हा लावते.)

सुलाबाई : अगं बया! हे पुढून म्हणायलेत 'सांगे दत्तराव', आन् मागून कोरस म्हणायलाय 'सांगे सिद्धोधन'!

संघप्रिया : तीस वर्षं तिथंच होतं. खरखरीत झाकलेलं.

दत्तराव : म्हणून म्हणतो, मागचे आवाज दाब. ढोलकी वाढव. परवा तुझ्या बापाचा, सिद्धोधनचा पहिला स्मृतिदिन. समदी पार्टी येणार, फोटोसमोर गाणं लागणार, यूट्यूबवर चढणार. लोक हसतील.

संघप्रिया : कोणाला?

दत्तराव : कोणाला म्हणजे? पार्टीला. 'जागृती गायन पार्टी, पेडगाव'. पूर्णेपासून सेलूपर्यंत नाव होतं.

सुलाबाई : होतं ना. कुणाचं होतं तेवढंच विचारायलीय ती.

संघप्रिया : काका, गाण्याखाली मी 'गीत : सिद्धोधन' लिहिणार आहे. तुमच्या कानावर घालावं म्हणून आले.

दत्तराव : आन् गाण्यात दत्तराव? शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, गाणं त्याचं. आपल्यात रिवाज हाय तसा. एवढी पुस्तकं वाचतीस, एवढं तरी कळत असंल.

संघप्रिया : कळतं. 'सांगे दत्तराव, जागं ठेवा मन.' 'राव'ला 'मन' हे यमक मात्र कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

दत्तराव : मुक्तछंद हाय तो.

संघप्रिया : तीन कडवी यमकात, आणि चौथ्याला एकदम मुक्ती.

सुलाबाई : आन् टाळ्या बी त्याच्यावरच घेतल्या ह्यांनी.

दत्तराव : हसा, हसा. तुझा बाप तहसीलात कारकून. गाणं कशावर? टाकी हाय, तोटी हाय, पाणी न्हाई. साहेबानं कॅसेट ऐकली असती तर दुसऱ्या दिवशी बदली. म्हणून नाव मी माझ्या अंगावर घेतलं. नोकरी वाचिवली त्याची.

संघप्रिया : खरं आहे. बाबाही हेच सांगायचे.

दत्तराव : बघ!

संघप्रिया : बाबा निवृत्त होऊन बारा वर्षांनी गेले, काका. ती बारा वर्षं काय वाचवत होतात?

सुलाबाई : पेन्शन.

दत्तराव : तू मधी बोलू नको. त्यानं कधी मागितलं का? एकदा तरी म्हणला का, 'दत्ता, माझं नाव मला दे'?

सुलाबाई : कवा म्हणणार? तुमी वर शाल घ्यायचे, आन् ते खाली बेंजो गवसणीत भरायचे. तुमची भाषणं संपस्तोर त्यांची शेवटची एसटी जायची.

दत्तराव : मागितलं न्हाई, पर हे केलं! समोर 'हो दत्ता, हो दत्ता', आन् मागून कोरसमधी आपलं नाव घुसवलं. दोस्त मेल्यावर मला आज कळायलंय.

संघप्रिया : मलाही तसंच वाटलं होतं. खरं सांगू? बरं वाटलं. वर्षानं त्यांचा आवाज ऐकायला मिळाला, आणि तोही स्वतःचं नाव घेताना. म्हणून दोन दिवस हेडफोन लावून कोरसमधला एकेक आवाज सुटा केला.

दत्तराव : मग?

संघप्रिया : 'सिद्धोधन' म्हणणारे दोघं आहेत. एक आश्रुबाकाका.

सुलाबाई : ढोलकीवाला. गावोगाव तसंच गायलेलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी हे म्हणले, नाव बदला. त्याच्या जिभेवर जुनंच बसलेलं, तेच निघालं. चुकला बिचारा.

संघप्रिया : दुसरा आवाज बाईचा आहे, काकू.

सुलाबाई : मी चुकले न्हाई.

दत्तराव : सुला!

सुलाबाई : काय सुला? ते गाणं माझ्या ओसरीत बसून लिहिलं त्यांनी. मी चहा दिलता. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते म्हणून सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

दत्तराव : आन् तो? सिद्धोधन काय म्हणायलाय?

संघप्रिया : बाबा 'दत्तराव' म्हणतात. स्पष्ट. सगळ्यांत मोठ्यानं. माईकपासून लांब, तरी तुमच्याहूनही.

दत्तराव : मोठ्यानं कशाला?

संघप्रिया : शेजारी काकू काय म्हणतायत ते त्यांना ऐकू येत असणार. तुम्हाला येऊ नये म्हणून.

सुलाबाई : आता बोला की. एरवी माईक सोडत न्हाई.

दत्तराव : लिही त्याचं नाव. गीत, सिद्धोधन. मोठं लिही.

संघप्रिया : लिहिते.

दत्तराव : आन् कोरस राहू दे. माझा आवाज दाब. त्या एका ओळीपुरता.

संघप्रिया : काल तेही करून बघितलं, काका. तुमचा दाबला की बाबांचाच पुढं येतो. तुमचं नाव घेत.