पायदळवाली सायकल

"ओ मिस्त्री, रांगेत उभे आहात की माझ्या पायावर?"

"चुकलं, नर्सबाई. गुडघा काय म्हणतो?"

"तुम्ही सायकलला मोटर बसवलीत, म्हणून तर घरोघरी पेशंटच्या पट्ट्या बदलायला जाते. हा नवा नियम आला की बसले घरी."

"आणि माझ्या दुकानाला कुलूप. मोटर म्हणे कंपनीतच बसवलेली पाहिजे."

परिवहन कार्यालयात नव्या नियमावरच्या हरकती घेणाऱ्या खिडकीमागे बसलेली टंकलेखिका मान खाली घालून कागदांवर शिक्के मारत होती. कान मात्र रांगेत होते.

"नियमाचा मसुदा वाचलात का?" मिस्त्रीने विचारलं. "'सायकलला कंपनीची मोटर व पायदळ असणे बंधनकारक.'"

"पायदळ? म्हणजे सायकलमागे सैन्य पळवायचं?"

"पायडल हो. टाइप करणाऱ्या बाईंचा डोळा लागला असेल."

शिक्का हवेतच थांबला. बावीस वर्षांत तिच्या हातून काना-मात्रेचीही चूक गेली नव्हती.

"गंमत म्हणजे मोटरच्या सायकली बनवणाऱ्या त्या मोठ्या कंपनीच्या जाहिरातीतही पायदळच छापलंय. हे बघा," मिस्त्रीने खिशातून कागद काढला.

"योगायोग असेल."

"असेल बुवा. आपण कशाला मोठ्यांच्या वाटेला जायचं?"

"तेच म्हणते मी. नुसतं 'फेरविचार व्हावा' एवढंच लिहू."

"नुसतं तेवढं लिहू नका," खिडकीतून आवाज आला. टंकलेखिका उभी राहिली होती. "ती चूक माझी नाही. मसुदा कंपनीकडूनच तयार होऊन आला. मला फक्त वर आपल्या कार्यालयाचं नाव घालायला सांगितलं होतं. हरकतीत तसं लिहा, आणि खाली साक्षीदार म्हणून माझं नाव घाला."