बाईंची खुर्ची

माझं माहेर चाकणच्या अंगाला, एका लहानशा वाडीत. तवा ह्या कंपन्या न्हवत्या बरं का, समदी ज्वारी-बाजरीची रानं. बोर्डाची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पोरी जात न्हवत्या, पर एका साली मास्तर म्हनून बाई आल्या, तवा माझा बाप म्हनला, बाई हाय तर जाऊ दे पोरीला. अशी मी शाळंत गेले.

बाई एकट्या व्हत्या. नवरा वारलेला, पुण्याकडून आलेल्या, पांढरं लुगडं, आवाज बारीक. काय सांगू तुमाला, मिसरूड फुटलेली पोरं बसायची शाळंत, ती बाईंच्या बोलन्याची नक्कल करायची, आन मोठी मानसं पारावर बसून हसायची, पोरंच हायती म्हनायची. एक दिवस त्या पोरांनी खुर्चीवर खाजकुइली टाकली. बाई बसल्या, तर अंगाची नुसती आग आग, पदराखाली खाजवत्यात, आन पोरं फिदीफिदी हसत्यात. मी हात धरून त्यांना घरी आनलं. आईनं गोठ्यात नेऊन पाठीला गाईचं शेन चोळलं, त्यानं ती कुसळं निघत्यात. इतका येळ न रडलेल्या बाई, आईनं पाठीवर हात ठेवल्यावर रडल्या. म्हनल्या, मावशी, मी ह्यांच्या पोरांचं काय वाईट केलं वो? आई म्हनली, तू काय बी न्हाई केलंस लेकी.

दुसऱ्या दिशी बाई परत शाळंत. मला वाटलं व्हतं येनार न्हाईत. त्या पोरांतला जो म्होरक्या व्हता त्याला हुभा केला, मारलं न्हाई, नुसता हुभा केला. दुपारच्याला त्याचा बाप आला, गावातला बडा मानूस, समद्या पोरांम्होरं म्हनला, बाईमानसानं खुर्चीवर बसून माझ्या पोराला हुभं करायचं व्हय? आन खुर्ची उचलून घरी घेऊन गेला. पारावरचा एक मानूस बोलला न्हाई. तिथंच बसलेला माझा बाप बी न्हाई. तवापासून बाई हुभ्यानंच शिकवायच्या, पाय सुजायचे, भिंतीला टेकून बाराखडी म्हनायच्या, आवाज पार बसला त्यांचा. आई भाकरी पाठवायची, त्या म्हनायच्या ठेव, खाईन, आन सांजच्याला भाकरी तशीच.

दिवाळीच्या सुट्टीला गेल्या त्या आल्याच न्हाईत. मी आपली पाटी घेऊन देवळाच्या पायरीवर बसायची, वाट बघायची. मग एक मास्तर आला, तर बाप म्हनला, झालं, आता बास. फुडं महाळुंग्याला लगीन लावून दिलं. माझी जोडाक्षरं ऱ्हायली ती ऱ्हायलीच.

आता माझी नातसून वाकडला मोठ्या शाळंत शिकवती. परवा कुना पोराचा बाप फाटकात तिला लई टाकून बोलला, तर घरी येऊन गुमान भांडी घासत बसली. मी तिच्यापाशी बसले, ही समदी हकिगत सांगितली. ती म्हनली, आजी, त्या बाईंचं नाव काय व्हतं?

आन काय सांगू तुमाला, मला ठावंच न्हाई. आमी नुसतं बाई म्हनायचो. कुनी कधी इचारलंच न्हाई. देवा, त्यांचं भलं कर, म्हनते मी रोज दिवा लावताना, आन तिथंच अडते. कुनाचं म्हनून सांगू त्येला?